दूध सोडले तरी दम टिकतो

"मुलाने दूध, दही, तूप, अंडी, मटण सगळे सोडले आहे. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळतो. पहिला महिना बरा गेला. आता शेवटच्या फेरीला पाय उचलत नाहीत म्हणतो. दावणीला दोन म्हशी असताना पोराने दूध प्यायचे नाही, हे घरात कोणालाच पटत नाही. बळेच पाजावे काय?" असे एका भगिनीने पत्रातून विचारले आहे. याच धर्तीची आणखीही पत्रे आली आहेत, म्हणून सर्वांसाठीच लिहितो.

ताई, बळेच पाजू नका आणि घाबरूही नका. दुभत्यावाचून ताकद टिकते. मात्र ताटातून जे गेले, ते दुसऱ्या वाटेने पुरेपूर परत आले पाहिजे. तेथेच बहुतेकांची गफलत होते.

जनावरापासून मिळणारे काहीच न खाणाऱ्यांना 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द इंग्लंडात १९४४ साली डोनल्ड वॉटसन व त्यांच्या सोबत्यांनी रूढ केला. आपल्या शाकाहारात दूधतूप चालते, यांना ते चालत नाही, मधही चालत नाही. मुलाने हे का धरले, हा त्याचा प्रश्न. त्याचे पोट कसे भरावे, हा घराचा प्रश्न.

ताटातून काय गेले?

रोज दोन मोठे पेले, म्हणजे ४०० मिलिलिटर म्हशीचे दूध घेतले तर सुमारे ४०० उष्मांक आणि १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. शंभर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत उष्मांक ३४० च्या आसपास असतात. म्हणजे दूध बंद झाले त्या दिवसापासून रोजची एक मोठी भाकरी कमी झाली असे समजा. वर तूप, दही, अंडी गेली ती वेगळीच. त्या जागी आली काकडी, कोबी आणि पालेभाजी. त्यांनी पोट तट्ट भरते, पण पळायला बळ मिळत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

म्हणून पहिला उपाय साधा आहे. मुलाला जास्त जेवू घाला. एका बैठकीत जात नसेल तर दिवसातून चार-पाच वेळा द्या. आमटीवर तेलाची फोडणी, भाकरीवर शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी आणि कच्चे तेल सढळ हाताने वाढा. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांत जवळजवळ २८० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असतात. पंधरा दिवसांनी वजन करून पाहावे. वजन उतरत असेल तर खाणे अजून कमी पडते आहे, हे नक्की.

प्रथिनांचा हिशोब

व्यायाम करणाऱ्या ६० किलोच्या तरुणाला दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम प्रथिने धरावीत. चार मोठ्या भाकरींतून ४० ग्रॅम, शंभर ग्रॅम डाळ-कडधान्यातून २२, मूठभर शेंगदाण्यांतून १२ आणि ३० ग्रॅम सोयाबीनमधून ११. बेरीज ८५ होते. यात विकतचा डबा कोठेच आला नाही. ज्वारी-बाजरीत जे उणे असते ते डाळीत असते आणि डाळीत उणे ते धान्यात. म्हणून दिवसभरात भाकरी आणि उसळ दोन्ही पोटात गेली पाहिजेत.

सोयाबीनची पोती आपण सगळी अडतीवर नेतो आणि घरात दाणाही ठेवीत नाही. चार पायल्या घरी ठेवा. मात्र सोयाबीन कच्चे खाऊ नये, ते पचत नाही. रात्रभर भिजवून चांगले शिजवावे, किंवा खमंग भाजून, दळून भाकरीच्या पिठात थोडे मिसळावे.

केव्हा काय द्यावे?

पहाटे अगदी रिकाम्या पोटी पळू नये. अर्धा तास आधी एक केळे किंवा दोन-तीन खजूर पुरेत. भिजवलेले हरभरे पळण्याआधी नकोत, पोटात वारा धरतो. पळून आल्यावर तासाभरात मटकीची उसळ आणि भाकरी, किंवा नाचणीची ताकाशिवायची गोड आंबील आणि शेंगदाण्याचा लाडू द्यावा. उन्हाळ्यात मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी द्यावे.

हाडांसाठी नाचणी, तीळ, राजगिऱ्याची आणि शेवग्याची पालेभाजी नेमाने असावी. लोहासाठी बाजरी, पालेभाज्या आणि गूळ-खोबरे घातलेले अळिवाचे लाडू. जेवणात लिंबू पिळले की लोह अंगी जास्त लागते. चहा मात्र जेवणाच्या आगेमागे तासभर नको. भरतीसाठी मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. मुलींचे रक्त मासिक पाळीत जाते, म्हणून त्यांनी याकडे अधिक लक्ष द्यावे. हिमोग्लोबिन मुलीचे १२ च्या आणि मुलाचे १३ च्या खाली असेल तर पळण्याआधी औषधोपचार हवा.

एका गोळीला पर्याय नाही

आता सर्वांत महत्त्वाचे. ब-१२ हे जीवनसत्त्व कोणत्याही धान्यात, डाळीत वा भाजीत भरवशाचे मिळत नाही. आंबवलेल्या पिठातही नाही. ते दूध, अंडी, मांस, मासे यांतून येते. १९४४ साली ही मंडळी निघाली तेव्हा ते कोणाला ठाऊक नव्हते. ते १९४८ साली वेगळे काढता आले. रोज लागते अवघे अडीच मायक्रोग्रॅम, पण ते नसेल तर रक्त आणि मज्जातंतू दोन्ही बिघडतात. शरीरात साठा असला तर वर्ष-दोन वर्षे काही जाणवत नाही, आणि माणूस फसतो. आपल्याकडे पुष्कळांचा साठा मुळातच कमी असतो.

लवकर थकवा, धाप लागणे, जीभ लाल होऊन दुखणे, पायांना मुंग्या, बधिरपणा ही लक्षणे आहेत. पायांना मुंग्या येत असतील तर "व्यायामाने आखडले असेल" म्हणून तेल चोळीत बसू नये. उशीर झाला तर मज्जातंतूंचे नुकसान कायमचे राहू शकते. डॉक्टरांकडे जावे, दूध-अंडी बंद असल्याचे स्पष्ट सांगावे, रक्त तपासावे आणि ब-१२ ची गोळी त्यांच्या सल्ल्याने कायम चालू ठेवावी. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेऊन थांबू नये. त्याने रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण आतला बिघाड चालूच राहतो. ब-१२ हे जिवाणूंपासून तयार करतात, जनावरापासून नव्हे. त्यामुळे मुलाचा नेमही मोडत नाही. फक्त कॅप्सूलचे कवच प्राणिज असू शकते, ते दुकानदाराला विचारून घ्यावे.

घरातील गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका आणि लहान मुले यांनी मात्र डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय दूध सोडू नये.

तेव्हा दुधाचा पेला घेऊन मुलाच्या मागे फिरण्यापेक्षा त्याच्या ताटात एक भाकरी, वाटीभर उसळ आणि मूठभर दाणे वाढवा, आणि गोळी चुकू देऊ नका.