ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी: सरकारी मदतीची वाट पाहताना स्नायू जपा
राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये आले. २०२२ पासून त्यात उपचारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि यादीत ड्युशेनही आहे. नवी मुंबईकरांना जवळचे मान्यताप्राप्त केंद्र म्हणजे परळचे केईएम रुग्णालय. पण मंजुरी येईपर्यंत आजार थांबत नाही.

निरोगी माणसाचे स्नायू तिशीच्या आसपासपर्यंत भरतात, मग हळूहळू घटतात. ड्युशेनमध्ये ही झीज बालपणीच सुरू होते. डिस्ट्रॉफिन हे प्रथिन नसल्याने स्नायूंचे तंतू तुटतात आणि त्यांच्या जागी चरबी साठते. म्हणूनच पोटऱ्या जाड दिसल्या तरी ताकद कमी असते. उपचारांशिवाय बहुतेक मुलांचे चालणे १२ वर्षांच्या आसपास थांबते.

गेलेला स्नायू परत आणणारे औषध आज नाही. जनुकीय उपचारही उरलेल्या स्नायूंवरच काम करतात. म्हणून मूल जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकवत असेल, तर डॉक्टरांना भेटून रक्तातील सीपीके आणि जनुकीय चाचणीबद्दल विचारा. निदान झाल्यावर स्टिरॉइड, फिजिओथेरपी आणि हृदयाची नियमित तपासणी लांबवू नका. स्टिरॉइड मात्र स्वतःहून अचानक बंद करू नका.