मधुमेह हा श्रीमंतांचा रोग नव्हे

मधुमेह म्हणजे सुखवस्तूंचा रोग, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. झरी जामणीसारख्या कोलाम-गोंड वस्तीच्या तालुक्यात ती विशेष घातक ठरते. कापूस वेचणाऱ्या सडपातळ बाईची रक्तशर्करा तपासावी, असे सहसा कोणाला सुचत नाही. तिची दृष्टी अधू होते, पायाची जखम चिघळते, तेव्हा कोठे ‘शुगर’ असल्याचे कळते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. हे सारे बंगल्यांत राहतात काय?

विज्ञान काय सांगते ते पाहू. जखमेभोवती येणारा दाह शरीराचे रक्षण करतो आणि काम संपताच शमतो. परंतु पोटातील चरबी वाढली की तेथे मंद दाह धुमसू लागतो, तो वर्षानुवर्षे शमत नाही. ताण पडलेल्या चरबीपेशींभोवती भक्षक पेशी गोळा होतात. त्यांतून पाझरणारी द्रव्ये स्नायू व यकृत यांच्यातील इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणतात. अधिकाधिक इन्शुलिन निर्माण करता करता स्वादुपिंड अखेर थकते. अशा एका द्रव्याचा हा परिणाम बोस्टनच्या संशोधकांनी १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांवरील प्रयोगांतून दाखविला.

मग सडपातळ श्रमिकाचे काय? त्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. परंतु उणीव पडली ती प्रामुख्याने स्नायूंत. चरबी बव्हंशी टिकून होती. म्हणजे वरून कृश दिसणारा देह आतून चरबीचा असू शकतो. उपाशी मातेच्या उदरातच या रोगाची पायाभरणी होते. पुढे स्वस्त साखर, तेल व मैदा यांनी ती इमारत उभी राहते.

दाह शमविणारे एखादे औषध हा प्रश्न मिटवील, अशीही आशा होती. दहा हजारांवर हृदयरुग्णांवर अशा महागड्या औषधाची चाचणी झाली. दाह उतरला, हृदयविकाराचे झटकेही काहीसे घटले; पण नव्याने होणारा मधुमेह टळला नाही, हे २०१८ मध्ये स्पष्ट झाले. परिस्थितीने घडविलेल्या रोगाला केवळ गोळीचा उतारा पुरत नाही, असाच बोध आम्ही यातून घेतो.

म्हणून मधुमेह हा वेतनाचा, शिध्याचा आणि मातृत्वाच्या हक्काचाही प्रश्न आहे. रेशनवर गहू-तांदळाबरोबर ज्वारी व डाळ नियमितपणे मिळाली पाहिजे. गरोदर स्त्रीला मजुरी न बुडता विश्रांती आणि पोटभर सकस अन्न मिळाले पाहिजे. उपकेंद्रात तिशीवरील प्रत्येकाची, तो लठ्ठ असो वा नसो, रक्तशर्करा तपासली जावी आणि औषधांचा पुरवठा खंडित होऊ नये. खर्ऱ्याने हिरड्या सडतात आणि हिरड्यांचा दाह मधुमेहाला बळ देतो, हेही कार्यकर्त्यांनी पाड्यापाड्यांवर सांगावे.

संयमाचा उपदेश ज्याच्या ताटात भरपूर आहे त्याला शोभतो. ज्याचे ताटच इतरांनी ठरविले, त्याला उपदेश नको, न्याय हवा. तो मिळविण्यासाठी संघटित होणे, हे आपले काम आहे.