गाडी मूडी नसते, आपण आळशी असतो

"जुनी गाडी आहे राव, मूड लागला तर चालू होते." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सणकतं. प्रीमियर पद्मिनीत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एक कार्ब्युरेटर, एक कॉइल, एक डेल्को. यात मूड बसायला जागा कुठे आहे? याच गाड्या मुंबईत टॅक्सी म्हणून दिवसरात्र पळाल्या. २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली, तीही वीस वर्षांची मुदत संपली म्हणून. लहरी गाडीवर कोणी वीस वर्षं पोट भरत नाही.

तर मुद्दा असा, की गाडी चालू न होण्याला कारण असतं आणि ते शोधता येतं. आपण शोधत नाही, पार्ट बदलतो. आधी बॅटरी, मग प्लग, मग कॉइल, मग कार्ब्युरेटरचं किट. चार नवे पार्ट टाकूनही दुखणं तसंच, आणि शेवटी बाबांची गाडी भंगारात. कदाचित अंगठ्याएवढ्या कंडेन्सरपायी!

हमखास नमुना बघायचा तर मे महिन्यात खुलताबादला जा. शहरातून निघालेली गाडी दौलताबादचा किल्ला मागे टाकून, पाच माणसं घेऊन घाट चढते. काही तक्रार नाही. भद्रा मारुतीचं दर्शन होतं, चहा होतो, आणि पंधरा मिनिटांनी परत बसावं तर सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही. लगेच चार जण गोळा होतात. "घाटात गरम झाली, तासभर थांबा." तासाभराने गाडी चालू होते आणि सगळे खूश.

पण घाटात न थांबलेली गाडी पार्किंगमध्येच का रुसली? कारण इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि बॉनेटखालची उष्णता काही मिनिटं उलट वाढते. त्यातून तीन वेगळी दुखणी होऊ शकतात.

एक, पेट्रोलच्या पाइपात किंवा पंपात वाफ धरते आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल पोचत नाही. दोन, कार्ब्युरेटरमधलंच पेट्रोल उकळून आत उतरतं आणि इंजिन ओव्हरफ्लो होतं. तीन, कॉइल किंवा कंडेन्सर तापून करंट सोडतो. तिन्हींवर "तासभर थांबा" लागू पडतं. म्हणूनच तो उपाय घातक आहे, कारण त्यातून काहीच कळत नाही. आपल्या ऑफिसातल्या "रीस्टार्ट करून बघ"चा हा सख्खा भाऊ. सर्व्हर उठतो, बग तिथेच राहतो.

खरं तर पाच मिनिटांचं काम आहे. एक प्लग काढा, इंजिनच्या लोखंडाला टेकवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. (पेट्रोलचा वास येत असेल किंवा ते सांडलं असेल तर हे करू नका. प्लगच्या मोकळ्या भोकापासून लांब धरा.) ठिणगी निळसर आणि जोरदार, पण प्लग कोरडा? पेट्रोल पोचत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवा. प्लग ओला? चोक आत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. ठिणगीच नाही, किंवा पिवळट आणि मरतुकडी? मग पेट्रोलकडे बघूच नका. पॉइंट जळलेत का बघा, मग कंडेन्सर, मग कॉइल. एका वेळी एकच गोष्ट बदला. पंप आणि कॉइल दोन्हींवर एकदम फडकं टाकलंत तर गाडी चालू होईल, पण का झाली ते कळणार नाही.

आणि सेल्फच फिरत नसेल तर हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे मेले तर बॅटरी, टर्मिनल किंवा अर्थिंग बघा. दिवे तसेच लखलखीत राहिले तर करंट सेल्फपर्यंत जातच नाहीये. नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनलवरचा पांढरा थर घासायला काय हरकत आहे?

हल्ली नवा बकरा सापडलाय, इथेनॉल. २०२५ साली पेट्रोलमधलं त्याचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. जुन्या रबराचे पाइप आणि पंपाचा पडदा त्याने खराब होऊ शकतो, हे मान्य. ते बदलून घ्या. पण प्लगला ठिणगीच नसेल तर त्यात इथेनॉलचा काय दोष?

मिस्त्री लोकांना नावं ठेवणं सोपं आहे. पण तपासायचे पैसे आपण देतो का? पार्टचे पैसे निमूट देतो आणि अर्धा तास डोकं चालवणाऱ्याला म्हणतो, "काहीच तर केलं नाही, कसले पैसे?" मग तो पार्टच बदलणार ना! ज्यांचे कान आणि हात या गाड्या ओळखतात ते म्हातारे होत चाललेत, आणि त्यांच्या हाताखाली शिकायला पोरं येत नाहीत. त्याला आपली ही चिंगूसगिरीही कारण आहे.

असो. पुढच्या वेळी कोणी "कॉइल गेलीय" म्हणालं तर एकच विचारा, "कशावरून?" आणि ज्याच्याकडे उत्तर असेल, त्याला त्या उत्तराचे पैसे द्या.