विश्लेषण : पॅड मिळाले, पण शाळेत बदलायचे कुठे?

जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथील एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळले. ते कोणाचे, हे शोधण्यासाठी मुलींना कपडे उतरवायला लावल्याचा आरोप झाला. पालकांनी शाळेत धाव घेतली, मुख्याध्यापिकेला अटक झाली. मदतीची गरज असलेली मुलगी तिथे ‘दोषी’ ठरली. पाळीबाबतच्या जनजागृतीची खरी परीक्षा इथेच होते.

आतापर्यंत काय बदलले?

राज्य सरकारने २०१८ च्या महिला दिनी ‘अस्मिता’ योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत देण्याची ही योजना होती. त्याच वर्षी जुलैमध्ये सॅनिटरी पॅडवरील जीएसटी रद्द झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, पाळीच्या काळात आरोग्यदायी साधने वापरणाऱ्या १५ ते २४ वयोगटातील तरुणींचे देशातील प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ७७ टक्क्यांवर गेले. मात्र ही मोजणी पंधराव्या वर्षापासून सुरू होते. अनेक मुलींना पाळी येते ती पाचवी ते आठवीत असतानाच.

अडचण कुठे आहे?

पॅड साधारण चार ते सहा तासांनी बदलावा लागतो. शाळा आणि येण्याजाण्याचा वेळ धरला, तर मुलगी सात-आठ तास घराबाहेर असते. म्हणजे पॅड शाळेतच बदलावा लागणार. दाराला कडी नसेल, नळाला पाणी नसेल, वापरलेला पॅड टाकायला झाकणाची बादली नसेल, तर मुली दिवसभर तोच पॅड ठेवतात, पाणी पिणे टाळतात किंवा घरीच थांबतात. त्यातून त्वचेला खाज, पुरळ आणि लघवीच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. शाळा बुडते ती वेगळीच.

कापड वापरणे चूक आहे का?

नाही. सुती कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवले, तर ते सुरक्षित असते. पण ‘कोणाला दिसू नये’ म्हणून ते दुसऱ्या कपड्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातले जाते. दमट कापडात जंतू वाढतात. इथे नडते ती लाज.

शाळेने काय करावे?

पाचवीपासूनच, म्हणजे पहिली पाळी येण्याआधी, मुलींशी बोलावे. मुलांनाही बाहेर काढू नये. चिडवणे थांबते ते माहितीनेच. मुलींना मोकळेपणाने बोलता येईल अशी एक शिक्षिका नेमावी. तिच्याकडे जादा पॅड आणि कपड्यांचा एक जोड असावा. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून वेगळे टाकण्याची सोय करावी.

यातल्या बहुतेक गोष्टींना मोठा निधी लागत नाही. एक कडी, एक बादली, भरलेली पाण्याची टाकी आणि न रागावता ऐकून घेणारी एक बाई एवढे असले, तरी मुलीचे महिन्यातले चार दिवस वाचतात. तपासणी करायचीच असेल, तर ती मुलींची नव्हे, शाळेच्या स्वच्छतागृहांची व्हावी.