अबोल बागाईतदार आणि त्याचा व्यापार

बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचें सोनेंहि पडून राहतें, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे लहानपणापासून कानीं पडते. मालवणच्या किनाऱ्यावर तर ती विशेषच खरी मानिली जाते. कारण हा मुलूखच गजालींचा. पारावर, तरीवर, बाजारांत, जेथें चार माणसें जमतात तेथें गजाल रंगते, आणि ज्याला ती रंगवितां येत नाहीं तो घुम्या ठरतो. असा घुम्या ठरलेला बागाईतदार आपल्या मनाशीं एक निकाल करून टाकितो, कीं पिकविणें आपलें काम, विकणें आपलें नव्हे. हा निकाल आम्हांस चुकीचा वाटतो. त्याची किंमत केवळ त्या माणसास नव्हे, तर त्याच्या झाडांसहि द्यावी लागते, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य झालें आहे.

ती किंमत कशी, तें पाहावें. देवगड, मालवण, वेंगुर्लें या तालुक्यांत हापुसाच्या कित्येक बागा मालक स्वतः न करितां कांहीं वर्षांच्या करारानें दुसऱ्यास देतात. कारणें अनेक असतात. मुलें मुंबईस असतात, मजूर मिळत नाहींत, भांडवल नसतें. पण ज्याच्या अंगांत मेहनत आहे, हातीं थोडा पैसा आहे आणि झाडाचें ज्ञान तर भरपूर आहे, असाहि मनुष्य पुष्कळदां बाग करारानें देऊन मोकळा होतो. कारण दलालाशीं घासाघीस करणें आणि अनोळखी गिऱ्हाइकाशीं बोलणें त्याच्या जिवावर येतें. करार घेणाराची नजर बहुधा मुदतीपुरती असते. मोहोर लवकर व हमखास यावा म्हणून घालावयाचें पॅक्लोब्युट्रॅझोल, ज्यास बाजारांत ‘कल्टार’ म्हणतात, त्याची मात्रा झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजून ठरवावयाची असते. मुदतीचा माणूस मोजीत बसेलच असें नाहीं. जास्त मात्रेनें पालवी आखडते, झाडाचा जोम जातो, आणि वाडवडिलांनीं जोपासलेलें कलम मालकाच्या हातीं परत येतें तेव्हां थकलेलें असतें. संकोच मालकाचा आणि भरपाई झाडाची, असा हा व्यवहार होय.

जे बाग देत नाहींत त्यांतील बरेचजण पेट्या वाशीच्या बाजारांत पाठवितात आणि येईल ती पट्टी मुकाट्यानें घेतात. मुंबईच्या बाजारांत रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरविण्याची चाल वर्षानुवर्षें होती. तेथेंहि तोंडांतून शब्द निघत नसे. परंतु तें मौन माल पिकविणाराच्या हिताचें नव्हतें. यावरून एक भेद ध्यानांत घ्यावा. न बोलणें निराळें आणि न सांगणें निराळें. अबोल मनुष्यानें गिऱ्हाइकास सर्व कांहीं सांगावें. मात्र जें तोंडानें जमत नाहीं तें लेखानें, मापानें आणि खुणेनें सांगावें. आमच्या सांगण्याचें सार इतकेंच आहे. पुढील सर्व त्याचा विस्तार समजावा.

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही माणसांची वर्गवारी स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनीं १९२१ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडली. अंतर्मुखपणा हा दोष नव्हे, स्वभाव आहे. विक्रीस मात्र तो मारक, अशी समजूत सर्वत्र आहे. अमेरिकेंतील अभ्यासक अॅडम ग्रँट यांनीं ३४० विक्रेत्यांची पाहणी करून २०१३ सालीं ती प्रसिद्ध केली. तींत असें दिसलें, कीं सर्वांत बोलके विक्रेते सर्वांत अधिक विकीत नाहींत. मधल्या स्वभावाचे लोक त्यांच्या पुढें जातात. अर्थात् अत्यंत अबोल लोकहि मागेंच राहिले, हेंहि त्याच पाहणींत आहे आणि तें लपविण्याचें कारण नाहीं. आमच्या मतें त्यांतून निघणारा बोध असा, कीं गिऱ्हाइकास बडबड नको असते. त्यास उत्तर हवें असतें.

आपल्याच मुलखांतील एक दाखला घेऊं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालच्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले थोडे नांगर खपण्यासच दोन वर्षें गेलीं असें सांगतात. ती समजूत एकट्या जिभेनें मोडणें शक्य नव्हतें. ती नांगरटीनें मोडली. पुढें १९२० सालीं त्यांचे पुतणे शंकरराव यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें मासिक काढिलें, आणि कारखान्याची हकीकत कागदावरून घरोघर पोहोंचूं लागली. कारखाना उभारणारा एक आणि त्याची गोष्ट सांगणारा दुसरा, अशी ही वांटणी होती. आपल्या घरींहि ती करितां येते. एखादी सून, भाचा, मुंबईची बहीण, कोणीतरी बोलकें असतेंच. फोन त्याच्या हातीं द्यावा आणि हिशेबाची वही आपल्या हातीं ठेवावी. तारकर्ली-देवबागेकडे घरांत पाहुणे ठेवण्याचा जो व्यवसाय वाढला आहे, त्यासहि हाच नियम लागूं आहे.

आतां प्रत्यक्ष आंब्याच्या पेटीकडे वळूं. आपणांस हजारों गिऱ्हाइकांशीं बोलावयाचें आहे या कल्पनेनेंच अबोल मनुष्य घाबरतो. पण हिशेब करून पाहावा. दीडशें पेट्या निघणाऱ्या बागेस, प्रत्येक घर तीन पेट्या घेईल असें धरिलें तर पन्नास घरें पुरतात. पन्नास घरांची वही ठेवणें यांत वक्तृत्व कोठें लागतें? कोणास मोठें फळ हवें, कोणास लहान, कोणास अक्षय्य तृतीयेस हवें, कोणाकडे गेल्या वर्षीं किती फळें नासलीं, हें लिहून ठेवावें. मोहोर धरला म्हणजे प्रत्येकास मोबाईलवर चार ओळींचा संदेश पाठवावा. बोलका व्यापारी नवें गिऱ्हाईक मिळवितो आणि जुनें विसरतो. अबोल मनुष्य ऐकतो, लिहितो आणि स्मरणांत ठेवितो. हें त्याचें भांडवल आहे.

पेटींत एक चिठी घालावी. फळ चौदा आणे तयार झाल्यावर काढिलें आहे, अमुक तारखेस काढिलें, फळें इतकीं, सरासरी वजन इतकें, अमुक दिवसांनीं पिकेल, इतकें तिच्यावर असावें. हापुसांत साका निघतो आणि तो बाहेरून दिसत नाहीं, हें आपण सर्व जाणतों. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलें म्हणजे बोलका मनुष्य वाद घालितो आणि अबोल मनुष्य फोनच उचलीत नाहीं. दोघांचेंहि नुकसान होतें. त्यापेक्षां ‘साका निघालेल्या फळाचें छायाचित्र पाठवावें, तितकीं फळें पुढील पेटींत भरून मिळतील’ हें वाक्य त्याच चिठीवर आधींच छापावें. तक्रारीचें उत्तर तक्रारीपूर्वींच दिलें, तर पुढें बोलण्याचा प्रसंग थोडा येतो.

खुणेचें महत्त्व त्याहून मोठें आहे. हापुसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. कोंकणांतील पांच जिल्ह्यांच्या बागाईतदारांस त्याचा लाभ घेतां येतो. कर्नाटकांतील आंबा देवगडचा म्हणून विकला जातो, ही ओरड जुनीच आहे. तिच्यावर उपाय म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनें २०२५ च्या हंगामापासून फळावर स्वतंत्र क्रमांकाचें स्टिकर लावण्याची योजना काढिली. तें एकदां काढिलें कीं फाटतें, आणि गिऱ्हाइकास क्रमांक मोबाईलवरून पडताळून पाहतां येतो. ‘माझा आंबा खरा’ असें शंभरदां ओरडण्याचें काम तो कागदाचा तुकडा करितो. कोकम आणि वेंगुर्ल्याचा काजू यांसहि मानांकन मिळालेलें आहे. तेव्हां आमसुलें व काजूगर करणाऱ्यांनींहि हा मार्ग धरण्यास हरकत नाहीं.

परंतु मौनास मर्यादा आहे. तीन प्रसंगीं अबोल मनुष्यानेंहि तोंड उघडलेंच पाहिजे. पहिला, भाव ठरवितांना. आपला भाव आधीं कागदावर लिहावा, मग एकदांच सांगावा आणि पुढें गप्प बसावें. संकोचानें तो स्वतःच खालीं आणूं नये. दुसरा, पट्टींत वजावट अधिक दिसल्यास. त्याच आठवड्यांत लेखी खुलासा मागावा. तिसरा, संस्थेच्या वार्षिक सभेंत. तेथें मोठ्या आवाजाच्या चार-पांच सभासदांच्या मतावर ठराव होतात, आणि ज्यांच्या बागा उत्तम तेच शेवटच्या रांगेंत मुकाट बसतात, हें दृश्य आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. यांत दोष त्यांचा एकट्यांचा नाहीं. सभेपूर्वीं विषयपत्रिकेबरोबर लेखी सूचना मागविणें आणि त्या सभेंत वाचून दाखविणें, एवढें संस्थांच्या चालकांनीं केलें तरी त्यांचें ज्ञान सर्वांच्या उपयोगी पडेल.

म्हणून ज्या बागाईतदारानें केवळ बोलतां येत नाहीं म्हणून येत्या वर्षीं बाग करारानें देण्याचें ठरविलें असेल, त्यास आमची विनंती आहे, कीं सगळी नको, पण निदान दहा कलमें आपल्याकडे ठेवावीं, एक वही आणावी आणि दहा घरें जोडावीं. हंगामाअखेर दोन्हीं बाजूंचा हिशेब मांडून पाहावा, आणि मग काय तो निर्णय करावा.