फ्रेंच सिनेमा हॉलिवूडपेक्षा वेगळा का? आणि पाटोद्याच्या प्रेक्षकाचा त्याच्याशी काय संबंध?

जुलै २०२५ मध्ये 'सैयारा' या हिंदी चित्रपटासाठी 'येरे येरे पैसा ३'चे शो काढून घेतल्याचा आरोप झाला आणि मराठी सिनेमाला पडदा मिळत नाही, हा जुना वाद पुन्हा पेटला.

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यात मात्र हा वाद बातमीपुरताच राहतो. तालुक्याचं ठिकाण असलं तरी इथे मल्टिप्लेक्स नाही. नवा मराठी चित्रपट मोठ्या पडद्यावर बघायचा तर बीड किंवा अहिल्यानगर गाठावं लागतं, नाहीतर तो मोबाईलवर येण्याची वाट पाहावी लागते.

मोठ्या इंडस्ट्रीसमोर आपल्या भाषेचा सिनेमा टिकवायचा कसा, हा प्रश्न फ्रान्ससमोर दुसऱ्या महायुद्धानंतर उभा राहिला होता. तिथे समोर हॉलिवूड होतं. फ्रान्सने शोधलेलं उत्तर समजून घेतलं की फ्रेंच सिनेमा वेगळा का दिसतो, हेही कळतं.

पडद्यावर काय फरक दिसतो?

हॉलिवूडच्या चित्रपटात नायकाला काहीतरी हवं असतं, वाटेत अडथळे येतात आणि शेवटी बहुतेक वेळा निकाल लागतो. फ्रेंच चित्रपटात अनेकदा माणूस, त्याचं वागणं आणि संवाद यांना जास्त जागा मिळते. शेवटही पुष्कळदा मोकळा सोडलेला असतो.

फ्रान्स्वा त्रुफो यांच्या १९५९ च्या 'द ४०० ब्लोज'मध्ये सुधारगृहातून पळालेला मुलगा समुद्रापर्यंत पोहोचतो, कॅमेऱ्याकडे वळतो आणि चित्र तिथेच गोठतं. पुढे त्याचं काय झालं, हे दिग्दर्शक सांगत नाही.

मराठी प्रेक्षकाला हे परकं वाटायचं कारण नाही. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त जब्या कॅमेऱ्याच्या दिशेने दगड भिरकावतो आणि चित्रपट संपतो. उत्तर शोधायचं काम प्रेक्षकावर येतं.

अर्थात सगळे फ्रेंच चित्रपट संथ आणि गंभीर नसतात. २०११ चा 'द इनटचेबल्स' हा विनोदी चित्रपट जगभर चालला. नागार्जुन यांचा तेलुगू 'ऊपिरी' हा त्याचाच रिमेक.

चित्रपट कोणाचा?

हॉलिवूडमध्ये चित्रपटाचे हक्क साधारणपणे स्टुडिओकडे असतात. त्यामुळे शेवट बदलायचा की नाही, हे बहुतेकदा स्टुडिओ ठरवतो. फ्रान्समध्ये १९५७ च्या कायद्याने दिग्दर्शकाला चित्रपटाच्या लेखकांपैकी एक मानलं. अंतिम आवृत्ती दिग्दर्शक आणि निर्माता यांच्या संमतीने ठरते. त्यामुळे तिथे दिग्दर्शकाची छाप जास्त दिसते.

पैसा कुठून येतो?

खरी गंमत इथे आहे. फ्रान्समध्ये १९४६ साली 'सीएनसी' ही राष्ट्रीय चित्रपट संस्था स्थापन झाली. तिथे प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर लागतो आणि तो या संस्थेकडे जातो. म्हणजे १०० रुपयांचं तिकीट असेल, तर १० रुपये ७२ पैसे. त्यातून नवे चित्रपट आणि छोटी चित्रपटगृहं यांना मदत मिळते.

हा कर हॉलिवूडच्या चित्रपटालाही लागतो. म्हणजे सुपरहिरोचा चित्रपट जितका चालेल, तितका फ्रेंच सिनेमाचाही गल्ला भरतो! टीव्ही वाहिन्यांना आणि २०२१ पासून नेटफ्लिक्ससारख्या प्लॅटफॉर्मनाही तिथल्या निर्मितीत पैसे गुंतवणं बंधनकारक आहे.

या पैशाचा फायदा मराठी कलाकारालाही झाला आहे. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ने २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री पटकावलं. ही भारत-फ्रान्स आणि इतर देशांची संयुक्त निर्मिती होती आणि तिला 'सीएनसी'ची मदत होती. बिल्डरमुळे मुंबईतलं घर गमावून कोकणात परतणारी पार्वती त्यात छाया कदम यांनी साकारली.

महाराष्ट्रात काय आहे?

राज्य सरकार दर्जानुसार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. पण ते सरकारी तिजोरीतून येतं, तिकीट खिडकीवरून नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मराठी चित्रपटांना असलेली करमणूक कराची सवलत संपली. आता १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के कर आहे. हिंदी असो वा मराठी, दर तोच. या करातला ठरावीक वाटा मराठी सिनेमाकडे परत येण्याची सोय नाही.

२०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवायला सांगण्यात आलं. पण जिथे मल्टिप्लेक्सच नाही, तिथे या नियमाचा उपयोग काय?

मग फरक कुठे पडतो?

फ्रान्सची लोकसंख्या सात कोटींच्या आत आहे आणि तिथे ६ हजारांहून अधिक पडदे आहेत. १४० कोटींच्या भारतात ते १० हजारांच्या आसपास आहेत. फ्रान्समधल्या कित्येक छोट्या गावांत नगरपालिकेच्या आधाराने चित्रपटगृह चालतं. शाळकरी मुलांना वर्ग सोडून सिनेमा बघायला नेण्याची योजनाही तिथे १९९४ पासून आहे.

म्हणजे फ्रान्सने चित्रपटाबरोबर प्रेक्षकही घडवला. महाराष्ट्रात चर्चा होते ती मुंबई-पुण्याच्या शोची. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या पाटोदा तालुक्यात चित्रपटाला साजेशा गोष्टी भरपूर आहेत. त्यावर उद्या चांगला मराठी चित्रपट आला, तरी तो पाटोद्यात मोठ्या पडद्यावर दिसेल का? मराठी सिनेमाच्या धोरणाला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल.