खडी झाली, सिमेंट कधी?

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल काही बरे छापून येण्याचा योग विरळाच. जानेवारी २०२४ मध्ये तो आला. पनवेल-इंदापूर टप्प्यातला एक किलोमीटरचा चौपदरी तुकडा दगडी खडीऐवजी पोलादाच्या भट्टीतल्या मळीवर, म्हणजे स्लॅगवर, बांधला गेला. पेणजवळच्या डोलवी कारखान्याचा सुमारे ८० हजार टन स्लॅग त्यात जिरला. डोंगर फोडण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. पण त्याचा जो गजर झाला, तेवढा हिशेब त्यात नाही.

खडी वाचवून डोंगर वाचतो. कर्ब वाचवायचा तर चुनखडी भाजून बनणाऱ्या सिमेंटच्या मूळ घटकाला, क्लिंकरला, हात घालावा लागतो. टनभर क्लिंकर भाजला की पाऊण टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि त्यातला निम्म्याहून जास्त कोळशाचा नव्हे, खुद्द चुनखडीतून सुटलेला असतो. इंधन बदलून तो थांबत नाही.

लोखंड बनवणाऱ्या झोतभट्टीच्या स्लॅगने क्लिंकर वाचवण्याची वाट केव्हाच दाखवली आहे. तो वितळलेला असतानाच पाण्याचे जोरदार फवारे मारले की त्याची काचेसारखी वाळू होते आणि दळून ती क्लिंकरची जागा घेते. जर्मनीत हे १८६२ पासून ठाऊक आहे. आपल्या मानकानुसार स्लॅग सिमेंटमध्ये तिचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत चालते. या मालाला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. साइटवर मात्र अजून कुरकुर असते. हे सिमेंट सुरुवातीला सावकाश ताकद धरते, शटरिंग लवकर उतरवता येत नाही, पाणी जास्त दिवस मारावे लागते. कोवळे काँक्रीट फोडले तर आत निळसर-हिरवी झाक दिसते. हवा लागली की ती जाते, पण तोवर माल खराब निघाल्याची बोंब झालेली असते.

खरे घोडे अडते ते पुढच्या भट्टीत. लोखंडाचे पोलाद करताना निघणाऱ्या स्लॅगमध्ये लोह बरेच आणि मोकळा चुनाही असतो. ओल लागली की हा चुना फुगतो आणि वरचा थर उचलतो. म्हणून ढीग महिनोन्महिने उघड्यावर मुरवायचे आणि मग खडी म्हणून वापरायचे. सिमेंटला ताकद देणारी कॅल्शियम सिलिकेटे यातही असतात, पण सावकाश थंड झाल्यामुळे बव्हंशी निपचित. त्यांना कामाला लावायचे तर स्लॅग तापलेला असतानाच लोह काढणे, घटकांचे प्रमाण सुधारणे, झटकन थंड करणे हे सगळे करावे लागते. तो खर्च पोलादवाल्याच्या दारात येतो आणि त्याला तर पुढच्या घाण्यासाठी भट्टी रिकामी हवी असते.

केंब्रिजच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये उलट बाजूची वाट मांडली. पाडलेल्या इमारतींच्या काँक्रीटमधले जुने सिमेंट वेगळे काढून विजेच्या आर्क भट्टीत चुन्याऐवजी घातले. निघालेला स्लॅग झटकन थंड करून दळला, तर तो क्लिंकरच्या तोडीचा निघाला. चुनखडी नव्याने भाजायला नको. पुनर्विकासाच्या राडारोड्याचे काय करावे या विवंचनेतल्या मुंबईने आणि भंगार वितळवून सळ्या काढणाऱ्या जालन्याने याकडे बघायला हरकत नाही. जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांची तऱ्हा वेगळी. तिथे ही कृती जशीच्या तशी चालणार नाही. प्रयोगाला पैसा मात्र कोणी तरी घालावा.

देशात वर्षाला सुमारे १.९ कोटी टन पोलाद-स्लॅग निघतो, असे सरकारच सांगते. पोलाद मंत्रालयाने त्यातला किती खपला एवढेच न मोजता, त्यामुळे किती टन क्लिंकर भाजावा लागला नाही याचाही आकडा दरवर्षी कारखान्यागणिक छापावा. खडीचे किलोमीटर त्या रकान्यात धरू नयेत.